तिसऱ्या धड्यातली शांतता

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी माझा भाचा कुंदन याने मला काचेच्या खोलीत समोर बसवले आणि धुडकू मास्तरांचे धडे सप्टेंबरअखेर बंद करावे लागतील, असे सांगितले. ती खोली आमच्याच कार्यालयातली. रिंग रोडवरच्या एका कापड बाजाराच्या पाचव्या मजल्यावर बावीस वर्षांपूर्वी हे कार्यालय मी एकट्याने, एक संगणक आणि एक उसने टेबल यांच्या भरवशावर सुरू केले. त्या वेळी मी साडीच्या व्यापाऱ्यांना संकेतस्थळ म्हणजे काय ते समजावून सांगत असे. आता कुंदन मला व्यवसाय म्हणजे काय ते समजावून सांगतो. जन्म सुरतेचा, शाळा गुजरातीतली, आणि पुढचे शिक्षण त्याने घरी बसून पडद्यावरच घेतलेले. त्यामुळे पडद्यावर जे दिसते तेवढेच घडलेले असते, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे.

"मामा, आकडे बघा ने," तो म्हणाला. "चार वर्षांत तीनशे बारा माणसं आली. तिसरा धडा किती जणांनी पुरा केला? चार. त्यातले एक तुम्ही, एक मी."

"आणि उरलेले दोन?"

"एक खुद्द धुडकूआबा. शिकवणारा माणूस आपल्याच परीक्षेत दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा पास झाला, तेही इथं दिसतंय. चौथा कोण असेल तो असो, त्याला आपण नोकरी देऊन टाकू."

मी हसलो. नंतर अनेकदा वाटले की मास्तरांच्या नापास होण्यापाशी मी हसायला नको होते, थांबायला हवे होते. पण थकलेला माणूस विनोदाचा आधार पटकन घेतो, आणि मी त्या दिवसांत थकलेलाच होतो.

धडे कसले, ते सांगितले पाहिजे. ज्याला आपण यंत्रमाग म्हणतो त्याला सुरतेत सांचा म्हणतात, आणि बिघडलेला सांचा चालता करणाऱ्या माणसाला मास्तर. धुडकू मास्तर अमळनेरकडून विसाव्या वर्षी इथे आले आणि चाळीस वर्षे त्यांनी कडोदऱ्याच्या कारखान्यांतले सांचे दुरुस्त केले. माझे वडीलही त्यांच्याच पाळीत कापड विणायचे, म्हणून मास्तर मला लहानपणापासून ओळखतात. त्या खडखडाटात मास्तरांचे कान गेले. त्यांचा मुलगा योगेश हिऱ्याच्या कामात गेला, आणि त्यांची विद्या घ्यायला घरात कोणी उरले नाही. चार वर्षांपूर्वी मी त्यांना म्हणालो की तुमचे सगळे शिकवणे आपण चित्रित करू, अडतीस धडे करू, आणि डिंडोलीतल्या कुठल्याही कारागिराला ते मोबाईलवर शिकता येईल. मास्तरांनी एकच प्रश्न विचारला होता.

"हाई ऱ्हाई का पण?"

हे राहील का? मी म्हणालो होतो, राहील. मी आहे तोवर राहील. माझ्या आयुष्यात मी इतक्या सहजपणे फार थोडी वचने दिली आहेत.

म्हणून मी कुंदनशी वाद घातला. वाद घालणे ही माझी जुनी खोड आहे, आणि त्या दिवशी ती मी मनसोक्त भागवली. मी म्हणालो की ज्ञानाची किंमत गर्दीवरून ठरत नसते. तो म्हणाला, गर्दीवरून नाही, पण कोणीतरी आलं तर पाहिजे ने. मी म्हणालो की ग्रंथालयातले एखादे पुस्तक दहा वर्षांत एकाच वाचकाने उघडले, तरी ते तिथे असलेच पाहिजे. तो म्हणाला, "ग्रंथालय चालवायला तुमच्याकडं नगरपालिका आहे का? मामा, आपली माणसं पाच. व्यापाऱ्यांचं काम साचून राहिलंय. फोकस एका जागी पाहिजे."

'फोकस' हा शब्द तो जेवणाच्या डब्यापासून लग्नाच्या मुलीपर्यंत सगळीकडे वापरतो. तरीही तो खोटे बोलत नव्हता, हे मला मान्य करावे लागले. अखेर एक तोड निघाली. सप्टेंबरच्या तीस तारखेपर्यंत आणखी दहा जणांनी तिसरा धडा पुरा केला, तर धडे राहतील, नाहीतर जातील.

"तीनशेतले दहा," कुंदन म्हणाला. "याच्या खाली मला उतरता येत नाही. जिना संपला."

*

तिसऱ्याच धड्यावर माणसे का अडतात, याचे उत्तर मला फार पूर्वीच सापडले आहे, असे मी समजत होतो. इतके की त्यावर मी चार भागांचा एक निबंध लिहून आमच्या संकेतस्थळावर प्रसिद्धही केला होता. निबंधाचे नाव 'चिकाटीचा लोप'. त्यात तिसऱ्या धड्याचा आलेख होता: पहिल्या मिनिटापासून चौथ्यापर्यंत सपाट चालणारी रेषा आणि नंतर एकदम कडा तुटावा तशी खाली जाणारी. त्या रेषेवरून मी असा सिद्धान्त मांडला होता की आंतरजालावर वाढलेल्या पिढीचे मन चार मिनिटांपलीकडे एका ठिकाणी बसत नाही.

लिहिताना मला माझे स्वतःचे दिवस आठवत होते. नव्याण्णव साली उधन्याच्या एका सायबर कॅफेत मी तासाच्या हिशेबाने बसत असे आणि पडद्यावरची पानेच्या पाने वहीत उतरवून घेत असे. कुठल्यातरी दूरच्या देशातला एक अनोळखी माणूस, ज्याला माझ्याकडून काही मिळण्याची सुतराम शक्यता नव्हती, तो पायरीपायरीने, न कंटाळता, मला माझा धंदा शिकवीत होता. त्या जालावर दुकाने नव्हती असे नाही. पण दुकानाच्या मागे अंगण होते. पुढे ते अंगण हळूहळू दुकानातच गेले. त्यात माझाही हात होता, कारण दुकाने बांधणे हेच माझे काम होते. मास्तरांचे धडे म्हणजे त्या अंगणाचा एक कोपरा मोकळा ठेवण्याचा माझा प्रयत्न होता. आणि लोक तिथेही चार मिनिटांच्या वर बसत नाहीत, याचे दुःख मी चार भागांत मोठ्या नेटकेपणाने मांडले होते. त्याला दोघातिघांनी वाहवा दिली होती.

आता दहा माणसे शोधायची होती. ज्यांनी धडा सोडला, त्यांतल्याच काहींना फोन करून परत बसवावे, असे मी ठरवले, आणि निदान त्यांची तक्रार काय आहे हे तरी पाहू, म्हणून शंकांची पेटी उघडली. आमच्या बहुतेक कारागिरांना टंकलेखनाचा कंटाळा. म्हणून आम्ही बोलून शंका विचारण्याची सोय ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी कुंदनने त्या शंकांना आपोआप उत्तर देणारी यंत्रणा बसवली. तिला हिंदी समजते, गुजराती समजते, पुस्तकी मराठीही समजते. आमच्या कारागिरांची बोली अहिराणी मात्र समजत नाही. जे समजत नाही ते सगळे ती 'अनोळखी भाषा' या कप्प्यात टाकते आणि समोरच्याला हिंदीत आभाराचा संदेश पाठवते.

त्या कप्प्यात सत्त्याऐंशी निरोप पडून होते. एकही कोणी ऐकलेला नव्हता. मी इअरफोन कानाला लावले आणि ऐकू लागलो.

पहिला भिकन नावाच्या कारागिराचा होता, डिंडोलीचा. "दादा, मास्तर सांगस, आते ऐक. मी ऐकस, पन काहीच ऐकू येस नही. मी मोबाईलना स्पीकर बदली टाका. तरी नही. दुसऱ्यांदा बदला. आते दुकानवाला माले हसस. काय करू ते सांगा."

त्याच्याखाली आमच्या यंत्रणेचे उत्तर होते: 'आपके सुझाव के लिए धन्यवाद.'

दुसरा निरोप सुकलाल म्हणून कोणाचा होता. तो मिस्कील असावा. "मास्तरले मौनव्रत शे का हो? आते ऐक म्हणस, न गप उभा ऱ्हास. आम्हना खोलीमा सात जण शेतस, साती जनसनी कान लाया. एक जण म्हने, हाऊ ध्यानना क्लास शे."

तिसऱ्याचे म्हणणे तेच. चौथ्याचेही. दहाव्यानंतर मी कानातले काढून ठेवले. पुढचे ऐकण्याआधी तिसरा धडा पाहायला हवा, हे मला उमगले होते, आणि तो पाहण्याची मला भीती वाटत होती.

धड्यात मास्तर एका चालत्या सांच्यापाशी उभे आहेत. उजवा हात सांच्याच्या लोखंडी अंगावर. ते सांगतात की आजारी सांचा डोळ्याला दिसत नाही, चालीवरून कळतो. धोटा डावीकडून उजवीकडे गेला की एक ठोका, उजवीकडून डावीकडे आला की दुसरा. दोन्ही सारखे पडले तर सांचा निरोगी, एक मागे पडला तर लंगडा. मग चौथ्या मिनिटाला ते बोट वर करतात, म्हणतात "आते ऐक", आणि गप्प होतात. कॅमेरा आधी एका सांच्यावर जातो, मग दुसऱ्यावर. धोटा धावतो आहे, कापड सरकते आहे. आवाज मात्र नाही. दोन मिनिटे सांचा असा चालतो, जणू पाण्याखाली. शेवटी प्रश्न येतो: पहिला सांचा लंगडा की दुसरा, आणि त्याचा दर कितवा ठोका मागे पडतो? उत्तर बरोबर दिल्याशिवाय धडा पुरा होत नाही आणि चौथा उघडत नाही. तो प्रश्न मीच घातला होता; मी आणि कुंदन पास झालो ते तेवढ्यामुळेच.

आवाज कुठे गेला हे शोधावे लागले नाही. तो मीच काढला होता. चित्रण झाल्यावर कारखान्याच्या खडखडाटात मास्तरांचा शब्द न् शब्द हरवलेला पाहून मी तीन आठवडे बसलो होतो आणि अडतीसही धड्यांतला सांच्याचा आवाज, धूळ पुसावी तसा, पुसून काढला होता. मास्तरांचा गळा तेवढा लख्ख ठेवला. त्या कामाचा मला अभिमान होता. ती दोन मिनिटे मी त्या वेळी पाहिलीही होती, आणि मास्तर बोलता बोलता थांबले असावेत, असे समजून त्यांच्या आदरापोटी ती तशीच ठेवली होती. मूळ चित्रण पुढे जागा बदलताना मी काढून टाकले. एकाच गोष्टीच्या दोन प्रती ठेवणे मला अव्यवस्थितपणाचे वाटते.

त्यानंतर मी आणखी एक गोष्ट पाहिली. कुंदनच्या आलेखामागच्या तक्त्यात एक रकाना झाकलेला असतो: कोणी कुठला भाग किती वेळा परत लावला त्याचा. मी तो उघडला. भिकनने ती मुकी दोन मिनिटे एकेचाळीस वेळा लावली होती. सुकलालच्या खोलीने तेवीस वेळा. तीनशे बारांपैकी दोनशेहून अधिक माणसांनी ती पाचपाच, दहादहा वेळा लावली होती, आणि मग धडा सोडला होता. ज्यांच्या चिकाटीच्या लोपावर मी चार भाग लिहिले, ती माणसे आपल्या मोबाईलला, आपल्या कानाला दोष देत तिथे बसून राहिली होती. आपण ज्याच्यापुढे बसलो आहोत त्याचेच काही चुकले असेल, असे त्यांच्यातल्या एकाच्याही मनात आले नव्हते.

*

मास्तर डिंडोलीत एका बैठ्या घरात राहतात. दिवसभर ते ओसरीतल्या लोखंडी खाटेवर बसलेले असतात, आणि त्यांची सून नूतन दाराशी बसून साड्यांच्या पाठीमागचे सुटलेले धागे कातरीने कापते. बाजारातून गठ्ठे येतात, कापून झाले की जातात. मी गेलो तेव्हा मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते. नूतनने पदर सावरला, हात लांब केला आणि कातरीच्या मुठीने खाटेच्या पायावर तीनदा ठोकले. मास्तर वळले.

"दोन ठोके म्हणजे चहा, तीन म्हणजे पाहुणा," नूतन मला म्हणाली. "त्यांना हात लावून कसं उठवू? सासरे आहेत. म्हणून खाटेलाच सांगते."

"आणि एक ठोका?"

"एक म्हणजे मी रागावलेय."

मास्तर ओठ वाचतात. कारखान्यातली सगळीच जुनी माणसे वाचतात. तिथे दुसरा इलाज नसतो. पण माझे बोलणे त्यांना ओठांवरून कधीच लागत नाही. मी माझी कबुली नीट वाक्ये जुळवून दिली. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि मग नूतनकडे वळले. शाळेत असताना माझ्या ओठांवरची अहिराणी मी प्रयत्नपूर्वक घालवली होती. नूतनने माझी सात वाक्ये एका वाक्यात सांगितली.

"आबा, यासनी सांचाना आवाज पुसी टाका."

मास्तर आधी हसले. मग त्यांचे हसणे मावळले. "म्हंजे चार वरीस मी बंद सांचापुढे भाषन करी ऱ्हायनू?" ते म्हणाले. "माले वाटनं, मी बहिरा म्हनीसन मन्हाच परीक्षामा नापास." त्यांनी खाटेखाली पाय घालून चप्पल शोधायला सुरुवात केली. "चाल. कोठे शे सांचा?"

सांचा कुठे आहे, हाच खरा प्रश्न होता. आम्ही चित्रण केले तो कारखाना आता पाण्याच्या झोताने विणणाऱ्या नव्या यंत्रांचा झाला आहे. तिथे धोटाच नाही. कडोदऱ्यात चार दिवस विचारपूस केल्यावर एका गल्लीच्या टोकाला जुन्या सांच्यांचा एक कारखाना सापडला. दिवाळीनंतर सगळे भंगारात जाणार होते. मालकाने एक सकाळ दिली, त्याहून जास्त नाही.

त्या सकाळी मास्तरांनी एका सांच्यात धोटा फेकणाऱ्या काठीचा पट्टा सैल करून तो सांचा लंगडा केला, शेजारचा तसाच निरोगी ठेवला, दोघांवर दोन तळवे टेकले आणि पुन्हा तोच धडा दिला. त्यांचा एकही शब्द चित्रणात ऐकू येत नाही. मी त्यांना तसे सांगितले, म्हणजे नूतनने सांगितले. ती रिक्षाने सोबत आली होती.

"मंग?" मास्तर म्हणाले. "कारखानामा मास्तरना शब्द कधी कोणले ऐकू वना? माले बी मन्हा गुरुजीना नही वना."

तासाभरात त्यांचे गुडघे थकले. आणखी एखादा धडा होणार नव्हता हे आम्हा तिघांनाही कळले. मी घरी येऊन ते चित्रण जसे होते तसेच, एक कण न पुसता, तिसऱ्या धड्याच्या जागी ठेवले. तीनशे बारा जणांना बोलावणे पाठवले, तेही नूतनच्या आवाजात: धडा सुधारला आहे, तुमच्या मोबाईलची चूक नव्हती. निम्म्याहून अधिक क्रमांक बंद पडलेले निघाले. माणसे गावी परतली होती, दुसऱ्या कामाला लागली होती. कोणी पास होण्याची वाट पाहत थांबत नाही.

*

तीस सप्टेंबरला संध्याकाळी कुंदनने मला पुन्हा काचेच्या खोलीत बोलावले.

"सात," तो म्हणाला. त्याचा आवाज पूर्वीसारखा नव्हता. मधल्या काळात त्याने ते सत्त्याऐंशी निरोप स्वतः बसून ऐकले होते. "मामा, मी काय म्हणतो, सातला आपण दहा म्हणू. कोण मोजायला येतंय? मीच अट घातली, मीच सोडतो. चालशे."

दोन महिने जे व्हावे म्हणून मी धडपडत होतो, ते समोर ठेवले होते. हात पुढे करायचा तेवढा बाकी होता.

"उरलेल्या पस्तीस धड्यांत मास्तर कितीदा 'ऐक' म्हणतात, ठाऊक आहे?" मी विचारले. "मी मोजले. एकोणीस धड्यांत. ते सगळे मुके आहेत. आज हे सात जण तिसऱ्यातून सुटले, ते उद्या सातव्यात अडकतील, आणि पुन्हा मोबाईल दुरुस्तीला नेतील."

"मग ते पण नव्याने करू."

"कोणत्या सांच्यावर? आणि कोणत्या गुडघ्यांवर?"

"तुम्ही माझ्या बाजूने का बोलताय?" त्याने विचारले. "दोन महिने माझं डोकं खाल्लंत, आणि आता मी हो म्हणतोय तर..."

"बंद कर," मी म्हणालो. "चुकीचे ठेवण्यापेक्षा बंद बरे. फक्त दोन गोष्टी ठेव. नवा तिसरा धडा त्या सात जणांना त्यांच्या मोबाईलवर पाठवून दे, म्हणजे तो त्यांचा राहील. आणि शंकांचा क्रमांक चालू ठेव. यंत्रणा काढून टाक. तो माझ्या फोनवर वाजू दे."

"आणि तुमचा तो निबंध? तोही काढू?"

"नको. त्याच्या वर एक ओळ घाल, की हा आलेख बरोबर आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष लेखकाच्या स्वतःच्या चुकीतून आला आहे. खाली माझे नाव पूर्ण लिही."

कुंदनने माझ्याकडे पाहिले. "मामा, तुमच्याशी जिंकूनसुद्धा मजा येत नाही," तो म्हणाला, आणि कळ दाबली. आवाज काहीच झाला नाही. जालावर काही संपते तेव्हा होत नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिंडोलीला गेलो. वचन मोडल्याचे मास्तरांना तोंडाने सांगणे भाग होते. नूतनने खाटेवर तीन ठोके दिले. मी या वेळी वाक्ये जुळवली नाहीत. "धडा बंद करात, आबा," मी म्हणालो, आणि माझ्या तोंडची ती मोडकीतोडकी अहिराणी त्यांना ओठांवरून एकदम लागली. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही; तो आला असता तर बरे वाटले असते.

"कितला जण पास हुयनात?" त्यांनी विचारले.

मी सात बोटे दाखवली.

मास्तरांनी आपला एक पंजा उघडून माझ्यासमोर धरला. "चाळीस वरीसमा मी पाच तयार करात," ते म्हणाले. "दोन ते मरी बी गयात."

एवढ्यात माझा फोन वाजला. शंकांच्या क्रमांकावर त्या सातांतल्या भिकनचा निरोप होता. मी तो मोठ्याने लावला. भिकन एकच वाक्य बोलला: मालकाने आज एक बंद पडणारा सांचा त्याच्या हाती दिला आहे, दुपारपर्यंत चालवलास तर मास्तर म्हणून ठेवतो म्हणाला आहे, हे धुडकू मास्तरांना ऐकवा. पुढे चाळीस सेकंद नुसता सांच्याचा आवाज.

ऐकवा, म्हणे. मी हताशपणे फोन मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी तो तळव्यावर धरला, उलटा केला, पाठीवर अंगठा दाबून पाहिला आणि परत दिला.

"यामा लोखंड नही," ते म्हणाले. "काय समजी?"

नूतनने मांडीवरची साडी बाजूला ठेवली. "परत लावा, दादा," ती म्हणाली. मी लावला. तिने फोन कानाशी नेला आणि डोळे बारीक करून पूर्ण चाळीस सेकंद तो आवाज ऐकला. मग कातर उलटी धरून ती खाटेच्या पायाशी सरकली आणि मुठीने ठोकू लागली. एक, दोन; एक, दोन; एक, आणि दुसरा किंचित उशिरा; एक, दोन; एक, आणि पुन्हा उशिरा, आणि त्याच्या मागे एक बारीकसा दुबार टक. तिच्या आयुष्यात तिने सांचा कधी चालवला नव्हता. पण ज्या गल्लीत ती नांदायला आली होती, त्या गल्लीत तो रात्रंदिवस चालू असे.

मास्तरांनी दोन्ही तळवे खाटेच्या लोखंडी काठावर टेकले होते. त्यांचे डोळे मिटले होते.

"डब्बल वाजस?" त्यांनी डोळे न उघडता विचारले.

नूतनने तो बारीक टक पुन्हा दिला, तेवढा एकटाच.

"उजवी बाजूनी काठी. पट्टा नही, पट्टा चांगला शे. काठीना बुडना खिळा ढिला पडेल शे. त्याले सांग, पट्टाले हात लावू नको. सगळा तीच चूक करतस, पट्टा ताणतस, मंग काठी मोडस."

मी फोन तोंडाशी धरला आणि सांगू लागलो. खिळा, काठी, बूड: शब्द साधे होते, तरी माझी जीभ दर वाक्याला अडखळून प्रमाण मराठीकडे वळत होती. निरोप गेला. दोनच मिनिटांत भिकनचे उत्तर आले, मागे सांच्यांचा प्रचंड गदारोळ.

"कोण बोली ऱ्हायनं? काहीच समजनं नही! पट्टा ताणू का?"

"द्या इकडे, दादा," नूतन म्हणाली, आणि तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला.